पास असं लिहिलंय खरं

आमच्या घरात इंग्रजीतला एकच शब्द कायमचा मुक्कामाला होता. पास. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात गेटवर बसत आणि आत-बाहेर जाणाऱ्या मालाचे गेटपास लिहीत. ट्रक केवढाही असो, त्यात बसलेला साहेब केवढाही असो, बाबांच्या सहीचा गुलाबी कागद दाखवल्याशिवाय गेटची दांडी वर होत नसे. कारखान्यात त्यांना ‘पासवाले शिंदे’ म्हणत आणि ते नाव बाबा घरी अगदी पदवी मिळाल्यासारखं सांगत. आई मंडईतून भाजी घेऊन आली की पिशवी ओतून बाबा एकेक वांगं उलटसुलट बघत, ‘पास’ म्हणत, आणि किडकं निघालं तर आईकडे न बघता बाजूला ठेवत. गुरुवारची साबुदाण्याची खिचडी मोकळी झाली तर पास, चिकट झाली तर बाबा नुसतंच ‘हं’ म्हणून ताक मागत. आईकडे बसचा पास, माझ्याकडे कॉलेजचा पास, शेजारच्यांची स्कूटर आरटीओतून पास झालेली, कुणी नाटकाचा फुकट पास दिला तर त्या शनिवारी जेवण लवकर, आणि मी खिडकीत उभी राहिले तर तो टाइमपास. एवढ्या सगळ्यात या शब्दाने आम्हाला कधी दगा दिला नव्हता, म्हणून आम्ही त्याच्याकडे संशयाने बघितलंच नाही.

शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, आणि पहिल्या मजल्यावर गोरे सर. त्यांचा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास घरातच होता. सकाळी साडेसहाला जिन्यातून ‘आय गो, यू गो, ही गोज’चा घोष वर चढू लागायचा, त्यात आईच्या कुकरची शिट्टी मिसळायची, आणि खाली रस्त्यावर बाबांच्या कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की मी समजायची, आता उठलंच पाहिजे. त्या दिवसांत पुण्यात रोज एक नवी कंपनी निघत होती आणि प्रत्येकीला इंग्रजी बोलणारी मुलं हवी होती, त्यामुळे सरांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. सर उंच, गोरे, नावाला जागणारे. बोलणं मोजकं, आणि मोजून समोरच्याला लागेल असं. त्यांच्या बायकोला, गोरेकाकूंना, ते सगळ्यांदेखत ‘आमचं अशिक्षित खातं’ म्हणायचे आणि काकू हसून चहा ठेवायला आत जायच्या. बाबांना मात्र सरांबद्दल भारी आदर. वीजबिलाच्या मागचा इंग्रजी मजकूरसुद्धा ते सरांना दाखवून यायचे.

मी दहावीत असताना सरांनी दाराशेजारी एक पाटी लावली. त्यांच्या दारासमोरच्या गॅलरीतून मागच्या चौकात जायला जवळची वाट होती, ती त्यांना बंद करायची होती. पुण्यात पाटी लावून माणूस थांबवण्याची कला पुरातन आहे, पण सरांनी ती इंग्रजीत वापरली आणि तिथे घात झाला. पाटीवर लिहिलं होतं, ‘डू नॉट पास्ट फ्रॉम हिअर’. आता पास हा आमचा घरचा शब्द. त्याच्या शेपटाला लागलेला टी मला बघवेना. शाळेतून येताना दप्तरातला खडू काढला, टीवर काट मारली आणि वर ठळक एस काढला. संध्याकाळपर्यंत ते इमारतभर झालं. ‘रंगाऱ्याची चूक,’ असं सर म्हणाले, पण महिनाभर जो तो जिन्यात थांबून ‘काय सर, पास्ट का पास?’ म्हणून जायचा. सरांनी पाटी पुन्हा रंगवून घेतली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ कळायचं माझं वय नव्हतं.

पुढे मी कॉम्प्युटरची पदविका घेतली आणि कर्वे रस्त्याच्या आतल्या एका बंगल्यात थाटलेल्या कंपनीत मुलाखतीला गेले. काम अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाचं, आणि त्या गिऱ्हाइकाचा माणूस फोनच्या पेटीतून प्रश्न विचारत होता. निम्मे मला कळले, निम्म्यांना मी ‘येस सर’ म्हणाले. बाहेर पडताना त्यांनी फॅक्स नंबर मागितला तेव्हा मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचा दिला. आठवड्याने बाबा कामावरून परत येताना बूथवाल्याने त्यांना हाक मारून एक गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद हातात दिला. बाबा तीन मजले धावत चढले. एवढं धावताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. कागदावर दोनच ओळी होत्या. ‘वुई हॅव डिसायडेड टू पास ऑन मिस वैशाली शिंदे ॲट धिस टाइम. वुई विश हर ऑल द बेस्ट.’

“पास!” बाबा म्हणाले. “नाव घालून पास!”

मी तो कागद दोनदा वाचला. खरं सांगायचं तर त्यातला ‘ऑन’ मला खटकला. पास झाली असेल तर नुसतं पास म्हणतील, हे ऑन कशाला? मग मीच माझी समजूत घातली, पास ऑन म्हणजे पुढे पाठवली असेल, वरच्या साहेबाकडे. मी हळूच म्हणाले, “बाबा, कंपनीत जाऊन एकदा विचारून येऊ का?” तर बाबा म्हणाले, “वैशू, वीस वर्षं पास लिहितोय मी. पासचा अर्थ मला सांगू नकोस. आणि खाली ऑल द बेस्ट म्हटलंय. नापासाला कोणी ऑल द बेस्ट म्हणतं का?” आईने तोवर देवापुढे साखर ठेवलीही होती. त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून मी गप्प बसले. आजही मला राग येतो तेव्हा त्यातला थोडा हिस्सा मी त्या गप्प बसण्यासाठी राखून ठेवते.

तरी बाबा शिस्तीचे. खात्री करून घ्यायला कागद घेऊन सरांकडे गेले, मलाही नेलं. सरांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा काढला आणि बाबांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“पास आहे ना, सर?” बाबांनी विचारलं.

“पास असं लिहिलंय खरं,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दोन किलो पेढे आणले. इमारतीत घरटी चार, कारखान्यात गेटवर, बूथवाल्याला, आईच्या बसमधल्या कंडक्टरलासुद्धा. सरांना बाबा स्वतः द्यायला गेले. सरांनी दोन खाल्ले आणि म्हणाले, “शिंदे, रविवारी सकाळी क्लासला या. मुलीला आणा, वहिनींनाही आणा. पोरांसमोर कौतुक करू. आणि तो कागद आणायला विसरू नका.”

रविवारी बाबांनी टेरिकॉटचा शर्ट घातला, आईने ठेवणीतली इरकली साडी नेसली. क्लासच्या खोलीत पन्नाससाठ मुलं दाटीने बसलेली, फळ्याजवळ आमच्यासाठी तीन खुर्च्या. सरांनी बाबांना नारळ दिला, टाळ्या झाल्या. मग सरांनी कागद मागून घेतला आणि त्यातली पहिली ओळ झोकदार अक्षरात फळ्यावर उतरवली. ‘पास ऑन’खाली दोन रेघा मारल्या. म्हणाले, “पास म्हणजे उत्तीर्ण होणे. पास बाय म्हणजे जवळून जाणे. पास अवे म्हणजे देवाघरी जाणे. आता सांगा, पास ऑन समवन म्हणजे काय?” पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठला, अवघडून आमच्याकडे बघितलं आणि पुटपुटला, “सर, नको म्हणणे.” “मोठ्याने.” “नको म्हणणे. नाकारणे.”

बाबा अजून हसत होते. नारळ मांडीवर, मान जरा पुढे, शिकण्याच्या उत्साहात. “म्हणजे, सर?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे, शिंदे, नापास. सभ्य भाषेत.” आणि मग सर माझ्याकडे वळले. “वैशाली, तू मला एस शिकवला होतास. आज मी तुला ऑन शिकवला. फिटंफाट.”

आधी एकजण हसला, मग खोली हसली. बाबांचं हसू ओठांवर तसंच राहिलं होतं, ते काढून कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. नंतर ते उठले, नारळ सरांच्या टेबलावर ठेवला, तो गडगडू नये म्हणून डस्टर आडवं लावलं, आणि आईला म्हणाले, “चला.” मराठीत नारळ देण्याचे दोन अर्थ आहेत. सत्काराचा आणि हाकलण्याचा. इंग्रजीच्या मास्तरांनी ते दोन्ही एका नारळात आटपले. दारात गोरेकाकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं, त्या म्हणाल्या, “अहो, चहा तरी घ्या की.”

वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत. पुढचे पंधरा दिवस कुणी ना कुणी ‘कधीपासून जायचं मग कामावर?’ विचारायचं आणि आई खरं ते सांगायची. कारखान्यात बाबांना ‘पास ऑन शिंदे’ म्हणू लागले, कारण क्लासातली दोन मुलं तिथेच शिकाऊ होती. बाबा घरात तो शब्द बोलायचे थांबले. वांगी तशीच टोपलीत पडायला लागली, खिचडीवर शेरा येईना. आणि बाबांनी जिना बदलला. इमारतीच्या मागे झाडूवाल्यांसाठी गोल लोखंडी जिना होता, अरुंद, गंजलेला, पावसाळ्यात निसरडा. सरांच्या दारावरून जायला नको म्हणून बाबा रोज तिथून उतरायचे आणि तिथूनच चढायचे. सकाळी बसचा हॉर्न वाजला की मागून लोखंडावर त्यांच्या चपला वाजायच्या, टण टण टण. हा आवाज मी लग्न होईपर्यंत ऐकला. गुडघे दुखायला लागले तरी त्यांनी जिना सोडला नाही. आई एकदा म्हणाली, “अहो, किती दिवस?” तर म्हणाले, “हवा चांगली असते मागे.”

लोक म्हणतात सूडाने माणसाच्या पदरी काही पडत नाही. माझ्या पदरी इंग्रजी पडलं. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर पास लिहिलं आणि रद्दीतून विकत आणलेल्या शब्दकोशातून त्याचे सगळे अर्थ उतरवायला बसले. प्रत्येक अर्थाला एक वाक्य, आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता गोरे सर. गोरे सर परीक्षेत पास झाले नाहीत. गोरे सर डोंगरातल्या पासमध्ये अडकले. गोरे सरांनी खोटं नाणं खरं म्हणून पास केलं. न्यायाधीशांनी गोरे सरांवर शिक्षा पास केली. गोरे सरांना किडनीचा खडा पास होईना. पास संपला तेव्हा ‘रन’ घेतला, मग ‘टेक’, मग ‘पुट’. एकदा आईने वही उघडून ‘पास अवे’चं वाक्य बघितलं, तिला तेवढं इंग्रजी कळायचं. म्हणाली, “हे खोड गं.” मी नाही खोडलं. पाटीवरचा ‘फ्रॉम’सुद्धा चुकीचा आहे, तिथे ‘थ्रू’ हवा, हे मला त्याच वहीत कळलं. ती चूक मी कुणाला सांगितली नाही, माझ्यापाशी जपून ठेवली.

नोकरी मला वर्षभराने दुसऱ्या कंपनीत लागली. तिथलं माझं काम ऐकून आई हसली होती. प्रोग्राम तपासायचा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहायचं, पास किंवा फेल. म्हणजे वडिलांचाच धंदा, फक्त गेट काचेचं. मी चांगली तपासायची. दुसऱ्याची चूक हेरून ती वेळ येईपर्यंत सांभाळणं मला जमतं, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल. नऊदहा वर्षांत कंपनी हिंजवडीत गेली, माझ्या हाताखाली माणसं आली, आणि नव्या मुलांना इंग्रजी संभाषण शिकवायला बाहेरची संस्था नेमायची ठरली तेव्हा निवड माझ्याकडे आली. आलेल्या पाच प्रस्तावांत तिसरा गोरे सरांचा होता.

त्यांचा क्लास तोवर ओस पडला होता. मोठमोठ्या वातानुकूलित संस्था निघाल्या होत्या, सकाळचा घोष केव्हाच थांबला होता, जिन्यात चपलांचा ढीग नव्हता. सर सादरीकरणाला आले ते जुन्या सुटात, केस पांढरे. मला ओळखलं. “वैशाली, तू इथे? वा वा,” म्हणाले, आणि मग स्वतःला सावरून, “मॅडम.” खोटं कशाला बोलू, त्यांनी शिकवून दाखवलं ते पाचांत सगळ्यांत चांगलं होतं. माझ्याबरोबरचे दोघे त्यांच्याच बाजूने होते. मी म्हणाले, वय फार आहे, रोज हिंजवडीला येणं झेपायचं नाही. शेवटी माझंच म्हणणं मान्य झालं. पत्राचा मजकूर मात्र मी स्वतः टंकला. तो मला पाठ होता. ‘वुई हॅव डिसायडेड टू पास ऑन गोरे इंग्लिश क्लासेस ॲट धिस टाइम. वुई विश यू ऑल द बेस्ट.’ सही केली आणि कुरिअरने शनिवार पेठेत पाठवलं. सरांनी ते उघडावं, फळ्यावरची ती ओळ त्यांना आठवावी, एवढंच मला हवं होतं.

पण पत्र पोचलं त्या दिवशी सर नाशिकला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. ते घेतलं काकूंनी. पुढचं मला आईने सांगितलं. काकू पत्र घेऊन तिसऱ्या मजल्यावर आल्या, पदराने घाम पुसत. म्हणाल्या, “शिंदेभाऊ, हे जरा बघता का? हे म्हणून गेलेत, त्या कंपनीचं पत्र आलं की आपण सुटलो. मला त्यातला पास तेवढा लागतोय. पास आहे ना हो?”

बाबा निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा लावला, वाचलं. खालची माझी सही बघितली. पुन्हा वरची ओळ वाचली. आई स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन उभी होती, तिने सांगितलं की बाबा इतका वेळ कागद धरून बसले होते की तेलातली पुरी करपली. मग त्यांनी कागदाची नीट घडी घालून काकूंच्या हातात दिली.

“पास असं लिहिलंय खरं,” बाबा म्हणाले.

मी त्या संध्याकाळी सहज म्हणून माहेरी गेले होते. सहज नव्हे, बघायलाच गेले होते. पहिल्या मजल्यावर काकूंनी मला धरलं. नवी साडी, हातात पेढ्यांचा पुडा. इमारतभर वाटून झाले होते. “तुझीच कंपनी ना गं? तूच शब्द टाकला असशील,” त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात पेढा ठेवला. मी म्हणाले, “हो काकू. मीच टाकला.” वर आले तर आईने मला बघून तोंड फिरवलं. ताटलीत काकूंकडून आमच्या वाट्याचे चार पेढे आले होते, त्यातले दोन उरले होते. आईने खाल्ला नव्हता. बाबांनी दोन खाल्ले होते.

माझ्या मनात काय होतं ते लिहिते. मला वाटलं होतं, बाबा खरं सांगतील. ते तसेच होते, गेटवर लाच न घेणारे, किडकं वांगं गुपचूप बाजूला ठेवणारे. सूड माझा होता, तो त्यांना नको असेल अशी माझी समजूत होती. काकूंच्या नव्या साडीकडे बघून ते पत्र परत घ्यावंसं मला पहिल्यांदा वाटलं, आणि बाबांकडे बघून ते पाठवलं हे बरंच केलं असं वाटलं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. आज इतक्या वर्षांनी त्यातलं एक खोडावं असं पुष्कळदा ठरवलं. जमलं नाही.

बाबांनी खुंटीवरची टोपी घेतली. “जरा पाय मोकळे करून येतो,” म्हणाले, आणि मागच्या दाराकडे न जाता पुढचं दार उघडलं. मी त्यांच्यामागे जाऊन कठड्याशी उभी राहिले. ते एकेक पायरी सावकाश उतरत होते, कठड्यावरून हात फिरवत. पहिल्या मजल्यावर पोचले आणि खालून गोरे सर वर आले, हातात प्रवासाची पिशवी, दमलेले. दोघे समोरासमोर थांबले. मध्ये भिंतीवर ती पाटी होती, रंग उडालेली, पण पुन्हा रंगवताना घातलेला एस अजून ठळक. सरांनी इतक्या वर्षांनी बाबांना त्या जिन्यात बघितलं, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

बाबा भिंतीला टेकून बाजूला झाले, वाट दिली, आणि गेटवर ट्रकला करायचे तसा हात केला.

“या सर,” म्हणाले. “पास व्हा.”

सर काही न समजून आत गेले. बाबा खाली उतरायला लागले. आतून काकूंचा आवाज आला, “अहो, पत्र नंतर वाचा, आधी तोंड उघडा.”